दगडांचे आरमार

दिवाळीच्या सुटीत आमच्या गावी मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा भरते आणि परीक्षक म्हणून दरवर्षी मला धरून नेतात. शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा मातीच्या बुरुजांतलेही मला काही कळत असणार, असा लोकांचा समज आहे. गेल्या दिवाळीत पंचवीस-तीस किल्ले पाहिले. राजगड, प्रतापगड, पुन्हा राजगड. हळीव पेरून उगवलेली हिरवळ, गेरूने रंगवलेल्या पायऱ्या, गादीवर महाराज, आणि तोफेशेजारी कुणाच्या तरी खेळण्यातला हिरवा प्लॅस्टिकचा सैनिक. शेवटच्या अंगणात मात्र एका मुलाने आईचा कपडे भिजवायचा टब मागून घेतला होता. टबात निळीचे पाणी, मध्ये सिंधुदुर्ग, आणि पाण्यावर बॅटरीची एक लाल मोटरबोट.

"ही कशाला रे?" मी विचारले.

"आरमार आहे, सर." मग जरा ओशाळून म्हणाला, "खरं गलबत कसं असतं ते ठाऊक नाही. तुम्ही काढून द्या ना. मी पुठ्ठ्याचं करतो."

त्याने वहीचे पान पुढे केले. पेन्सिल माझ्याच खिशात होती. वीस वर्षे मी चित्रकला शिकवतो आहे, माझा पणजोबा मचव्यावर तांडेल होता, समुद्र माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. आणि मला गलबत काढता येईना. काढले ते एक त्रिकोणी शीड आणि त्याखाली केळ्यासारखे काहीतरी. मुलगा गुणी. तो 'थँक्यू सर' म्हणाला.

त्या केळ्याने माझी झोप उडवली असे लिहिले तर ते कादंबरीकाराचे खोटे होईल. झोप व्यवस्थित लागली. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे आणि ती आज, घरोघर फराळाची ताटे फिरत असताना, मी आपल्यापुढे मांडणार आहे. गोड लागणार नाही. त्याला इलाज नाही.

आपण दर्याचा इतिहास जपतो म्हणजे दगड जपतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे. पेढे आमच्या गावातही वाटले गेले आणि मीही दोन खाल्ले. आनंद झाला हे कबूल. पण किल्ला तरंगत नाही, वाचकहो. किल्ला पाठलाग करीत नाही, जकात वसूल करीत नाही, वादळात मार्ग काढीत नाही. ते सगळे करणारे आरमार लाकडाचे होते, सुतळीचे होते, कापडाचे होते, आणि माणसांचे होते.

खांदेरीचेच घ्या. १६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडावर असलेल्या त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांचे धाबे दणाणले. त्यांनी बेटाभोवती आपली जहाजे उभी केली. ऑक्टोबरात झालेल्या लढाईत त्यांची 'रिव्हेंज' नावाची मोठी लढाऊ बोट होती, तोफा होत्या, कसलेले कप्तान होते. 'डव्ह' नावाची एक बोट मात्र मराठ्यांनी धरली. मोठ्या बोटीला हलायला वारा लागतो. थळच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या आपल्या लहान होड्यांना वल्ही पुरत. वारा पडला, रात्र झाली, की त्या इंग्रजांच्या नाकाखालून बेटाला लागत आणि दगड, चुना, दाणागोटा उतरवून परत येत. त्या होड्या नसत्या तर खांदेरीची तटबंदी थळच्या वाळूतच पडून राहिली असती. युनेस्कोच्या यादीत आज तो दगड आहे. दगड वाहणारी होडी कशी होती, किती वल्ह्यांची, तळ सपाट की निमुळता, किती वजनाला पाणी आत घेई? मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. मायनाक भंडाऱ्याचे नाव तरी उरले. त्या होड्यांवरच्या एकाही वल्हेकऱ्याचे नाव आपल्यापाशी नाही.

आंग्र्यांची गुराब म्हणून आपण जिचा अभिमान मिरवतो तिचे वर्णन तरी आपल्याकडे कुठून आले? रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रजाने १७६३ साली छापलेल्या इतिहासातून. गुराब लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी. दोन डोलकाठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत. गलबत म्हणजे मोठी वल्ह्यांची नाव, सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. हा त्याचा गोषवारा. माणूस बारकाईने लिहितो, त्याचे आभार मानले पाहिजेत. पण जिने त्याच्या देशबांधवांना पन्नास वर्षे सळो की पळो करून सोडले, त्या बोटीचे रूप आपण त्याच्याकडूनच उसने घ्यावे, यात काहीतरी चुकले आहे एवढे तरी मान्य करा.

शत्रूवर सगळे ढकलण्याचीही सोय नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. वॉटसनच्या तोफांचा गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या, पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या जहाजावर पडला आणि एकाला एक लागून बांधलेली सारी तारवे पेटली. हे आपण मुलांना शिकवतो. पण त्या मोहिमेत जमिनीच्या बाजूने पेशव्यांचे सैन्य इंग्रजांचे भागीदार म्हणून उभे होते, हे वाक्य शिकवताना आपला आवाज खाली येतो. आरमार जाळण्याची सवय आपल्याला तेव्हापासून आहे. आता आग लावावी लागत नाही, नुसते पाहत बसले तरी पुरते.

इतिहासाची आवड नाही असा आरोप मराठी माणसावर कुणी करू नये. आपल्याकडे इतिहास जमवणारी पोटतिडकीची परंपरा आहे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. पगार नाही, मोटार नाही. खिशाला खार लावून केलेले काम. त्यांच्यापुढे मी कोण! पण ती परंपरा कागदाची. जिथे वाडा, जिथे देशमुखी, जिथे कुलकर्ण्याची लेखणी, तिथे रुमाल सापडायचा. दर्यावरचा माणूस कोळी, भंडारी, गाबीत, दालदी, खारवी. तो लिहीत नव्हता. त्याचे दप्तर त्याच्या हातात, कानात आणि जिभेवर होते. ते रुमालात बांधता येत नाही आणि तो माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते. म्हणून दर्याचा इतिहास राखणाऱ्या मंडळाने कागद शोधत फिरण्याआधी माणसापुढे बसायला हवे. माझे सारे म्हणणे एवढेच आहे. बाकी त्याचा पसारा.

हातातली विद्या म्हणजे काय ते २०२५ साली सगळ्या देशाने पाहिले. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या जहाजावरून 'कौंडिण्य' नावाचे शिवणीचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि मे महिन्यात कारवारला ते नौदलात दाखल झाले. एकही खिळा न मारता फळ्या काथ्याने शिवायच्या. नकाशा कुठलाच नव्हता, होते ते एक चित्र. पण काथ्याने फळी शिवणारे हात केरळात अजून जिवंत होते, म्हणून ते चित्र पाण्यावर उतरले. आता उद्या आपल्याला हौस आली, पैसाही मिळाला, आणि म्हटले की एक गुराब बांधू. तर कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार? आमच्या खाडीवर लाकडी होडी बांधणारे सुतार एके काळी पाच घरांतून होते. आज एक आहे. त्याची मुले फायबरच्या बोटी दुरुस्त करतात, आणि चार पैसे जास्त मिळवतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही.

आता माझी स्वतःची लाज सांगतो, म्हणजे मी दुसऱ्यांवरच हत्यार परजतो असे व्हायला नको. माझ्या एका कादंबरीत नायक भर दुपारी, शिडे फुगवून, बंदराबाहेर पडतो. पान मला आवडले होते. पुस्तकाच्या दुकानदारालाही आवडले होते. शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला त्याच्या नातीने ते वाचून दाखवले. तो पंचाऐंशीच्या पुढचा, डोळ्यांनी अधू. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "मास्तरानु, तुमचो नायक दुपारचो भायर पडता आणि वारो पाठीवर? खयचो वारो तो?"

दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. जमिनीकडून दर्याकडे जाणारा मतलई वारा रात्री उशिरा सुटतो आणि पहाटेस जोरात असतो. म्हणून शिडाचा माणूस पहाटेच्या अंधारात निघे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येई. भूगोलाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो. खारे आणि मतलई वारे मी फळ्यावर बाणांनी कितीदा काढले असतील! परीक्षेत पाच गुणांना येतात. त्या बाणांवर माणसे बसून जात होती, हे मात्र माझ्या ध्यानात कधी आले नाही.

म्हाताऱ्याने त्या दिवशी मला दोन तास शिकवले. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांत खाडीच्या मुखावरची वाळू कशी वेगळी वागते. मंगळुरी कौले भरून येणाऱ्या मचव्याला पाण्याखालचा खडक लाटेच्या रंगावरून कसा ओळखावा लागे. आगोटीला होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारताना तिचे तोंड कुणीकडे करायचे आणि का. मी वही नेली नव्हती. चारच दिवसांनी वही घेऊन गेलो, तेव्हा तो माझ्याशी नीट बोलला. पण पहिल्या दिवशीचे निम्मे मला आठवेना आणि त्यालाही पुन्हा सुचेना.

त्यानंतर मी आमच्या भागातल्या एका लहानशा मंडळात जाऊ लागलो. सात-आठ जण. निवृत्त एसटी कंडक्टर, जाळी विकणारा एक दुकानदार, टपाल खात्यातल्या एक बाई, दोन कॉलेजची पोरे, आणि मी मॅट्रिक मास्तर. रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचे. मोडायला काढलेली होडी कळली की टेप घेऊन जायचे, मापे घ्यायची, फोटो काढायचे. म्हाताऱ्यांकडून शब्द लिहून घ्यायचे. एकाच दोरीला दोन खाड्यांच्या मध्ये तीन नावे आहेत, हे आम्हाला असे कळले. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात दर्यावरचे कितीतरी शब्द आहेत. आजच्या शालेय शब्दकोशात 'डोलकाठी' सापडली तरी देवाचे आभार मानायचे.

एक मचवा पुरा उरला होता. तो कुठे तरी छपराखाली ठेवावा, मुलांनी आत चढून पाहावा, एवढ्यासाठी आम्ही एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. जमीन नको, पैसा नको, छप्पर आम्ही घालतो, नुसती जागा दाखवा. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "मास्तर, किल्ल्याचं काही असेल तर सांगा. होडी कुठल्या हेडखाली घालू?" मनुष्य वाईट नव्हता. खरेच त्याच्याकडे होडीसाठी रकाना नव्हता. तीन वर्षांत तो मचवा पावसाने खाल्ला.

रकाना नसतो कारण आपण मागत नाही. मालवणला राजकोटावर डिसेंबर २०२३मध्ये महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला, नऊ महिनेही पुरे न होता, वाऱ्यात कोसळला. महाराष्ट्र हळहळला, संतापला, आणि ते योग्यच होते. २०२५ साली तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. त्याच महाराजांनी बांधलेल्या होड्यांची शेवटची नातवंडे-पतवंडे शेजारच्या खाडीत कुजत होती, त्यांच्यासाठी कुणाचा कंठ दाटून आला नाही. समुद्रावरचा वारा न ओळखता उभे केलेले काही टिकत नाही, हे त्या खाडीतल्या कुठल्याही पोराने फुकट सांगितले असते.

'विक्रांत'चे काय झाले ते आठवते ना? १९६१ साली नौदलात आलेली, १९७१च्या युद्धात लढलेली विमानवाहू बोट. १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, शाळांच्या सहली जात. वाचवा म्हणून लोक कोर्टात गेले. २०१४ साली ती भंगारात निघाली आणि तिच्या पोलादाच्या मोटारसायकली झाल्या. आता दुसरी एक बोट पाहा. 'ट्रिंकोमाली'. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानात बांधून पाण्यात उतरवलेली. ती आज इंग्लंडात हार्टलपूल या गावी तरंगते आहे. १९९०पासून अकरा वर्षे खपून तिला दुरुस्त केले आणि लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात. मुंबईच्या सुतारांचे हातकाम पाहायचे तर मुंबईच्या मुलाने विलायतेला जावे!

"सरकारने करावे" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. "विद्यापीठाने करावे" असे म्हणणारे त्याहून पुष्कळ. जे झाले त्याचा मान ठेवतो. भा. कृ. आपट्यांनी १९७३ साली मराठ्यांच्या आरमारावर आणि व्यापारी जहाजांवर ग्रंथ लिहिला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी १९७८ साली मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ते नौदलाच्या छायेत चालणारे काम आहे आणि चांगले आहे. पण मुंबईतली संस्था दर रविवारी दाभोळच्या, जयगडच्या, देवगडच्या म्हाताऱ्याच्या ओटीवर कशी येऊन बसणार? तिथे बसायला तिथलाच रिकामटेकडा माणूस लागतो.

आणि असे रिकामटेकडे आम्ही काय दिवे लावतो, तेही सांगतो. आमच्या मंडळाचा पाया घालणारे गृहस्थ तीस वर्षे वह्या लिहीत होते. खाडीतल्या प्रत्येक होडीचे नाव, नाखव्याचे नाव, कुठे बांधली, कशी गेली. अकरा वह्या. कुणालाही हात लावू देत नसत. आम्ही झेरॉक्स काढू म्हटले की "मी गेल्यावर काय ते करा" म्हणत. ते गेले. तेरावा झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. सुनेने फार आपुलकीने बसवले. साफसफाईत जुनी रद्दी कालच घातली म्हणून सांगितले. तिचा दोष नाही. तिला कुणी दाखवलेच नव्हते त्या वह्यांत काय आहे ते. तिच्या स्वतःच्या आजोबांची होडी सातव्या वहीत होती, हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही.

हौशी मंडळांचा हा रोग जुना आहे. इतिहासाला आपला खाजगी देवघरातला देव करून ठेवायचे. अध्यक्ष कोण, फलकावर नाव कुणाचे, यावर तीन सभा; नकला काढण्यासाठी एकही नाही. तलवार सापडली तर मिरवणूक, सुकाणू सापडले तर सरपण. कान्होजींच्या पुण्यतिथीला हारतुरे, आणि कान्होजींची भाषा अजून बोलणारा तांडेल मागच्या रांगेत उभा. यात मीही होतो. म्हणून मोठ्याने बोलण्याचा थोडा हक्क मला आहे.

आणि तुम्ही, ज्यांचा खाडीशी संबंध नाही, दादर-डोंबिवलीला हा अंक हातात घेऊन बसला आहात, तुम्हीही यातून सुटत नाही. कोकणातून मुंबईला गेलेले निम्मे कुळ बोटीने गेले. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली. आषाढी अमावस्येचा दिवस, घरी निघालेली माणसे. सहाशेहून अधिक गेली. काहींना कोळ्यांच्या होड्यांनी उचलले. स्वातंत्र्याला महिना राहिला होता, आणि त्या गडबडीत हे दुःख घराघरांतच राहिले. त्या घरांतल्या आज्या आता संपत आल्या. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत बोटीचे तिकीट असेल, खलाशाचा परवाना असेल, धक्क्यावरून लिहिलेले कार्ड असेल. ही दिवाळीची साफसफाई तुमचीही झाली असेल. काय काय टाकलेत?

त्या टबातल्या मुलाला मी यंदा पुन्हा भेटलो. गलबत आता मला काढता येते. बरे नाही, पण केळे नव्हे. सुतार काकांनी खडूने ओटीवर काढून दाखवले आणि मी उतरवून घेतले. आमच्या खाडीत अजून एक होडी पडून आहे, चिखलात अर्धी रुतलेली. मालकाने तुळशीच्या लग्नानंतर ती फोडायचे ठरवले आहे. त्याला जागा हवी आहे, त्यालाही काही म्हणता येत नाही. ओहोटी सकाळी सातला आहे त्या रविवारी आम्ही मापे घ्यायला जाणार. कंडक्टरांचे गुडघे दुखतात, कॉलेजच्या पोरांची परीक्षा आहे. मुलगा येतो म्हणाला आहे. टेपचे दुसरे टोक धरायला आणखी एक मोठा माणूस मिळाला तर बरे, कारण नाळेच्या बाजूला चिखल कमरेइतका आहे.